बर्फातलं ऊन साठवणाऱ्या टेल्केसबाई

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथला हिवाळा कडक. अंगणात बर्फ साचतो, आणि डिसेंबरात दुपारी साडेचार वाजायच्या आत सूर्य मावळतो. १९४८ सालच्या नाताळच्या सुमारास या गावातल्या एका नव्या घरात एक जोडपं आपल्या लहान मुलाला घेऊन राहायला आलं. शेजारपाजारच्या प्रत्येक घराच्या तळघरात तेलाची किंवा कोळशाची भट्टी होती. या घरात ती नव्हती. हे घर फक्त उन्हावर तापणार होतं, आणि तशी खात्री देणाऱ्या बाई त्या कुटुंबाच्या नात्यातल्याच होत्या. त्यांचं नाव मारिया टेल्केस.

थंड प्रदेशातल्या माणसाने घर उबदार ठेवायचं तर काहीतरी जाळायचं, हा हजारो वर्षांचा रिवाज. त्याची किंमत आम्हा डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी बेशुद्ध सापडतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात. तिच्या सततच्या शेकाने मांडीच्या आणि पोटाच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाला वैद्यकाच्या पुस्तकांत ‘कांगडी कॅन्सर’ असंच नाव आहे. बरं, काही न जाळता गारठत बसणं हाही उपाय नाही. थंडीच्या दिवसांत राहत्या घराचं तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं यांचे हाल सुरू होतात. म्हणून काही न जाळता घर तापवायचा खटाटोप मला आरोग्याचाही विषय वाटतो.

टेल्केसबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९०० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. हंगेरीतल्या उच्चाराप्रमाणे आडनाव खरं तर ‘तेल्केश’, पण आयुष्य अमेरिकेत गेल्यामुळे जगभर टेल्केस हेच रूढ झालं. कॉलेजात असताना भविष्यातल्या ऊर्जास्रोतांवरचं एक पुस्तक त्यांच्या वाचनात आलं आणि सूर्याने डोक्यात घर केलं. १९२४ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठातून त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी त्या नातलगांना भेटायला म्हणून अमेरिकेत क्लीव्हलंडला गेल्या आणि तिथेच राहिल्या.

पहिली नोकरी मिळाली ती क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये. या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक जॉर्ज क्राइल. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी हरकत नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या कुठल्याही सिस्टरला ‘क्राइल आर्टरी’ मागा, रक्तवाहिनी पकडायचा चिमटा लगेच हातात पडेल. तो याच क्राइल यांच्या नावाचा. सजीव पेशी म्हणजे एक प्रकारचं विद्युतयंत्र आहे, असा त्या काळी क्राइल यांचा ध्यास होता, आणि त्या कामासाठी त्यांना भौतिकशास्त्र जाणणारं माणूस हवं होतं. टेल्केसबाईंनी तिथे सुमारे बारा वर्षं काढली. मेंदूतल्या लहरी टिपणाऱ्या उपकरणावर त्यांनी काम केलं. क्राइल यांच्या त्या सिद्धान्तातलं फारसं काही पुढे टिकलं नाही. पण ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना कुठे गळते, हे बारकाईने पाहायची सवय बाईंना तिथेच लागली असावी, असं मला वाटतं. १९३७ मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. थोडे दिवस वेस्टिंगहाउस कंपनीत काढून १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, सौरऊर्जेच्या प्रकल्पावर रुजू झाल्या.

मग युद्ध आलं, आणि सरकारने त्यांना एक वेगळंच काम सांगितलं. जहाज बुडाल्यावर किंवा विमान समुद्रात कोसळल्यावर रबरी तराफ्यावर तरंगणारे सैनिक तहानेने मरत. चहूकडे पाणीच पाणी, पण ते प्यायचं नाही. का, ते सांगतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं मूत्रपिंड लघवी एका मर्यादेपलीकडे खारट करू शकत नाही. त्यामुळे एक लिटर समुद्राचं पाणी पोटात गेलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला सुमारे दीड लिटर लघवी करावी लागते. अर्धा लिटर पाणी शरीर पदरचं घालतं. माणूस पाणी पिऊन सुकतो.

बाईंनी पारदर्शक प्लॅस्टिकचा एक फुगा तयार केला. फुगवायचा, तराफ्याला दोरीने बांधायचा आणि पाण्यावर सोडून द्यायचा. आत काळं फेल्टचं कापड, समुद्राच्या पाण्याने भिजवलेलं. ऊन पडलं की पाण्याची वाफ व्हायची, मीठ कापडातच राहायचं, आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जमलेले गोडे थेंब खाली ओघळायचे. दिवसाला साधारण एक लिटर. चैन नव्हे, पण जीव राहतो. हे उपकरण कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडायला उशीर झाला आणि तोवर युद्ध संपत आलं. पुढे मात्र ते जीवरक्षक सामानात समाविष्ट झालं.

आता डोव्हरकडे येऊ. एमआयटीत सौरघरांचे प्रयोग चालू होते. ऊन गोळा करणं अवघड नव्हतं. काळ्या पत्र्यावर काच बसवली की पत्रा तापतो, हे जुनंच ज्ञान. खरी अडचण पुढे होती. रात्री काय करायचं? आणि चार दिवस सलग आभाळ असलं तर? प्रकल्पाचे प्रमुख हॉयट हॉटेल यांचा भर पाण्यावर होता: टाकीत पाणी तापवून ठेवायचं. टेल्केसबाईंना ते पटेना. पाण्याची टाकी घराएवढी करावी लागते आणि ती थंडही लवकर होते. त्यांनी वेगळा पदार्थ सुचवला: ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे स्फटिकी सोडियम सल्फेट. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना तो माहीत असतो, कारण एके काळी ते लोकप्रिय जुलाबाचं औषध होतं. स्वस्त आणि वाट्टेल तितकं मिळणारं.

त्याची गंमत अशी की ते ३२ अंशांच्या थोडं वर वितळतं. वितळताना भरपूर उष्णता पिऊन घेतं, आणि गोठताना तीच परत देतं. शाळेत आपण याला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. आमच्याकडे लसीकरणाच्या सत्राला जाणाऱ्या सिस्टरच्या खांद्यावरच्या डब्यात आइसपॅक असतात. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पॅकचं तापमान शून्याच्या वर जात नाही, आणि म्हणूनच लस दुपारपर्यंत टिकते. टेल्केसबाईंची युक्ती हीच, फक्त उलट्या बाजूने. मीठ पूर्ण गोठेपर्यंत खोलीला तीस-बत्तीस अंशांची ऊब मिळत राहते. एक किलो ग्लॉबर सॉल्ट वितळताना सुमारे ६० किलोकॅलरी साठवतं. तेवढी उष्णता एक किलो पाण्यात साठवायची तर ते ६० अंशांनी तापवावं लागेल.

एमआयटीने या मिठावर घर बांधायला उत्साह दाखवला नाही. मग बाईंनी वेगळा रस्ता धरला. एलेनॉर रेमंड या वास्तुविशारद होत्या आणि अमेलिया पीबडी या बोस्टनमधल्या श्रीमंत घराण्यातल्या शिल्पकार. जमीन आणि पैसे पीबडींचे, आराखडा रेमंड यांचा, यंत्रणा टेल्केसबाईंची. १९४८ साली तीन बायकांनी मिळून असं घर उभं केलं, ही त्या काळात वर्तमानपत्रांना बातमीच होती.

घर दिसायला विचित्र होतं. पाचरीसारखं, अरुंद, आणि दक्षिणेला वरच्या मजल्याची अख्खी भिंत काचेची. १८ उंच खिडक्या ओळीने, मिळून सुमारे ७२० चौरस फूट. पण खिडकीतून बाहेर पाहायची सोय नव्हती; दुहेरी काचेच्या मागे काळा रंगवलेला पत्रा होता. काच आणि पत्र्यामधली हवा तापली की पंख्याने ती खोल्यांच्या मधल्या कोठड्यांत ढकलायची. तिथे डब्यांत भरलेलं वीसेक टन मीठ. दिवसा मीठ वितळायचं, रात्री गोठत गोठत खोल्या ऊबदार ठेवायचं. हिशेब मांडला तर त्या मिठाची साठवण हजार युनिटांच्या वर जाते. दहा दिवस ऊन पडलं नाही तरी घर तापलेलं राहावं, असा अंदाज होता.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. काचेची भिंत सरळ उभी होती, आपल्या सोलर हीटरच्या पॅनेलसारखी तिरकी नव्हती. बोस्टन सुमारे ४२ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर येतो. इतकं खालून येणारं ऊन उभ्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळतं. शिवाय उभ्या काचेवर बर्फ साचत नाही, आणि अंगणातला बर्फ आरशासारखा काम करतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो. हिमालयात गॉगल न लावता हिंडणाऱ्याचे डोळे संध्याकाळी लाल होऊन आग होते, उघडत नाहीत, ते याच परावर्तित किरणांमुळे. गिर्यारोहकाला जे बाधतं ते टेल्केसबाईंच्या भिंतीला उपकारक ठरलं.

पहिला हिवाळा छान गेला. घर ऊबदार राहिलं, पाहायला लोक लोटले, मासिकांनी छायाचित्रं छापली, बाईंना ‘सूर्याची राणी’ हे नाव मिळालं. दुसरा हिवाळाही निभावला. तिसऱ्या हिवाळ्यात घोटाळा झाला.

ग्लॉबर सॉल्ट बर्फासारखं सरळ वितळत नाही. ते स्वतःच्याच स्फटिकात अडकलेल्या पाण्यात विरघळतं, आणि पूर्ण विरघळत नाही. काही भाग जड पावडर होऊन तळाशी बसतो. ताक न ढवळता ठेवलं की निवळी वर येते आणि गाळ खाली, तसंच. गोठायची वेळ आली की वरच्या पाण्याला खालची पावडर भेटत नाही, म्हणून सगळं मीठ परत स्फटिक होत नाही. प्रत्येक फेरीत साठवण थोडी थोडी घटत जाते. त्यातच धातूचे डबे गंजले आणि गळायला लागले. घरात तीन माणसं, बाहेर बर्फ, आणि भिंतीतलं मीठ मुकाट झालेलं. काही काळाने त्या कुटुंबाला तेलाची भट्टी बसवून घ्यावी लागली.

प्रयोगशाळेत पदार्थ वीस-पंचवीस वेळा वितळवून पाहणं वेगळं आणि तीन हिवाळे रोज वितळवणं वेगळं. औषधांचंही असंच असतं. सहा आठवड्यांच्या चाचणीत निर्धोक ठरलेली गोळी तीन वर्षं घेतल्यावर काय करते, हे तीन वर्षांनीच कळतं. बाईंची चूक घाईची होती, हे मान्यच करावं लागतं. हा दोष दिसण्याआधी घरात माणसं राहायला गेली होती. पण एमआयटीतल्या काहींनी त्यावरून अख्खी कल्पनाच मोडीत काढली, ते मला पटत नाही. १९५३ मध्ये त्यांना एमआयटी सोडावी लागली.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, अमेरिकेतल्या महिला अभियंत्यांच्या संघटनेने आपला पहिलावहिला पुरस्कार त्यांना दिला होता.

त्या न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या. तिथे फोर्ड फाउंडेशनच्या ४५ हजार डॉलरच्या मदतीने त्यांनी सौरचूल विकसित केली. काचेचं झाकण असलेली उष्णतारोधक पेटी आणि भोवती उन्हाकडे कललेले चकचकीत पत्रे. आतलं तापमान १७५ अंशांच्या आसपास जायचं, म्हणजे भाजणं-उकडणं दोन्ही जमायचं. लाकूडफाटा आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या देशांतल्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. चुलीच्या धुराने छाती भरलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायका आमच्या ओपीडीत आजही येतात, त्यामुळे हे काम मला डोव्हरच्या घराइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडे सौरचूल घराघरांत पोहोचली नाही, याचं मुख्य कारण म्हणजे भाकरीची वेळ सूर्योदयाआधीची आणि रात्रीच्या जेवणाची सूर्यास्तानंतरची. पुन्हा साठवणच!

पुढची काही वर्षं त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांत काढली. अंतराळ आणि संरक्षण कामांतली नाजूक उपकरणं ठरावीक तापमानात ठेवणारी वेष्टनं बनवली. तत्त्व तेच, वितळणारा पदार्थ. मिठाचा नाद काही सुटला नाही. गोठण्याला सुरुवात करून द्यायला टाकणखार थोडा मिसळावा, आणि पावडर तळाशी बसू नये म्हणून खास चिकणमातीने मिश्रण घट्ट करावं, असे उपाय त्यांनी शोधले आणि त्यांची पेटंटं घेतली. तिसऱ्या हिवाळ्याचं उत्तर त्या अनेक वर्षं शोधत होत्या.

दरम्यान जग बदललं. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. उन्हातून थेट वीज. १९७३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाने ‘सोलर वन’ नावाचं घर बांधलं, त्याच्या छपरातून वीजही मिळत होती आणि उष्णताही. उष्णता साठवायला क्षारांची यंत्रणा होती, आणि तिच्यामागे सत्तरी ओलांडलेल्या टेल्केसबाई होत्या. १९८० च्या सुमारास, पुन्हा मॅसॅच्युसेट्समध्येच, कार्लाइल या गावी उभ्या राहिलेल्या घरालाही त्यांनी हातभार लावला. या घरात तेल किंवा गॅस जाळायचा नव्हता. छपरावर सात किलोवॅटहून अधिक क्षमतेची पॅनेलं, आणि जादा वीज तारांवरून वीज कंपनीकडे. आज आपल्या छपरावर पॅनेलं बसवणाऱ्याला ‘नेट मीटर’ म्हणून जे सांगतात, ते हेच. दिवसा दिलेले युनिट रात्री परत घ्यायचे. साठवणीचा प्रश्न मिठाऐवजी तारांवर सोपवला.

पुण्या-मुंबईचे कितीतरी आई-वडील हल्ली मुलांकडे बोस्टनला, टोरांटोला हिवाळ्यात जाऊन राहतात आणि तिथल्या छपरांवरची पॅनेलं पाहून चकित होतात. बर्फात वीज कशी होणार? होते. सिलिकॉनच्या पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर दर अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.४ टक्का घटते. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि सोळा-एक टक्के वीज तिथेच जाते. बर्फाळ प्रदेशात स्वच्छ ऊन पडलं तर उलट फायदाच होतो. नुकसान होतं ते लहान दिवसामुळे आणि अंगावर साचलेल्या थरामुळे. म्हणून तिथे पॅनेलं आपल्यापेक्षा बरीच उभी लावतात, खालच्या कडेला घसरलेला बर्फ जमायला मोकळी जागा सोडतात, आणि छपराचा सांगाडा बर्फाचं वजन धरून तपासून घेतात. एक कडा उघडी झाली की काळं पॅनेल ऊन पिऊन तापतं आणि उरलेला थर आपोआप घसरतो.

दोन-चार दिवसांची वीज बुडते म्हणून निसरड्या छपरावर खोरं घेऊन चढायचं नाही, हे डॉक्टर म्हणून सांगतो. पडून मोडलेल्या खुब्याचा खर्च कुठल्याच वीजबिलातून वसूल होत नाही. जमिनीवरून लांब दांड्याच्या मऊ साधनाने जेवढा निघेल तेवढा काढावा. गार काचेवर उकळतं पाणी तर ओतूच नये, तडा जातो. बॅटरी असेल तर ती घरात ठेवावी. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली तर आतून खराब होते. टेल्केसबाईंचे डबे गळले, आजच्यांची बॅटरी गारठते. ऊन पकडणं सोपं आणि ते उद्यापर्यंत टिकवणं अवघड, हे काही बदललेलं नाही.

वितळणाऱ्या पदार्थाची त्यांची कल्पना मात्र भलतीकडेच रुजली. कमी वजनाच्या नवजात बाळाला थंडी फार लवकर बाधते. जिथे वीज जाते-येते तिथे अशा बाळांसाठी मेणासारख्या पदार्थाची पिशवी असलेलं दुपटं वापरतात. पिशवी आधी तापवून मेण वितळवायचं, मग ती दुपट्यात घालायची. मेण ३७ अंशांच्या आसपास गोठत राहतं आणि बाळाला काही तास आईच्या अंगाइतकी ऊब मिळते.

टेल्केसबाईंनी लग्न केलं नाही. १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावरही सल्लागार म्हणून काम चालूच ठेवलं. १९९५ च्या अखेरीस त्या बुडापेस्टला गेल्या होत्या. तिथेच २ डिसेंबरला, पंचाण्णवाव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले असताना, त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावावर वीसच्या आसपास पेटंटं आहेत, आणि त्यातली बरीचशी उष्णता साठवण्याविषयीची आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत, नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये, त्यांचं नाव समाविष्ट झालं.